नकाशात दाखवलेली शेड

पट्टीकाकांचा पहिला रणगाडा उडाला तो रस्त्याची रुंदी मोजताना.

रणगाडा खरं म्हणजे सुनेचा. सकाळभर दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे वळवून झाले, की दुपारी दोन ते चार ती हॉलमधल्या कॉम्प्युटरवर रणगाड्यांची लढाई खेळायची. पंधरा रणगाडे या बाजूला, पंधरा त्या बाजूला, आणि ते चालवणारी माणसं जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यात बसलेली. त्या दिवशी दार वाजलं म्हणून ती उठली आणि जाता जाता म्हणाली, "बाबा, एक मिनिट बसा इथे. काही करू नका, फक्त भिंतीमागून बाहेर येऊ नका."

काका बाहेर आले. समोर रस्ता आहे आणि तो किती रुंद आहे हे बघायचं नाही, असं त्यांच्या हातून आयुष्यात घडलेलं नव्हतं. नगररचना कार्यालयात त्यांनी तेहतीस वर्षं आरेखकाची नोकरी केली होती. आरेखक म्हणजे नकाशे काढणारा. निर्णय घेणारा वेगळा असतो, आणि निर्णय चुकला की शिव्या खाणारा पुन्हा आरेखकच असतो. निवृत्त झाल्यावरही शर्टाच्या खिशात सहा इंची पट्टी असायची, म्हणून कॉलनीने त्यांचं नाव पट्टीकाका ठेवलं होतं. तीच पट्टी त्यांनी पडद्याला लावली. रणगाडा साडेतीन मीटर रुंद धरला तर रस्ता जेमतेम नऊ मीटरचा भरत होता. एवढ्या वर्दळीला बारा तरी हवा, असं ते मनाशी म्हणत होते तेवढ्यात पडद्यावर जाळ झाला.

"बाहेर आलात ना?" सून परत येऊन म्हणाली.

"हा नकाशा कोणी काढलाय?"

"कंपनीने काढलाय, बाबा."

"कंपनी पेन्सिल धरत नाही. माणसाचं नाव विचारतोय मी. नकाशाच्या कोपऱ्यात काढणाऱ्याची सही असते. कुठंय सही?"

सुनेने सहज म्हणून सांगितलं, की दरवर्षी खेळणाऱ्यांकडूनही नकाशे मागवतात. एक निवडतात, आणि तो गेममध्ये कायमचा जातो. काढणाऱ्याचं नाव कोपऱ्यात देतात. बोलण्याच्या ओघात सांगितलेल्या गोष्टीचे परिणाम किती लांब जातात हे तिला पुढे कळलं.

"कायमचा म्हणजे?" काकांनी विचारलं. "नंतर कोणी साहेब येऊन रेघ हलवत नाही?"

"नाही."

"कोणाचा मेव्हणाही नाही?"

"मेव्हण्यांचा काही संबंध नसतो, बाबा. काढलाय तसा राहतो."

काकांनी पट्टी परत खिशात ठेवली. तेहतीस वर्षांत त्यांनी चारशेच्या वर नकाशे काढले होते, आणि त्यातला एकही जमिनीवर जसाच्या तसा उतरला नव्हता. त्यांनी सरळ काढलेला रस्ता कोणाच्या तरी गोदामाला वळसा घालून गेला. बागेच्या जागी पेट्रोल पंप आला आणि शाळेच्या मैदानाची त्रिकोणी चिंधी झाली. लोक म्हणायचे, काय हे शहर, कोणी काढला असेल याचा नकाशा, आणि काका मान खाली घालून चालू लागायचे. आयुष्यात एक तरी नकाशा काढला तसा राहावा, एवढंच त्यांना हवं होतं. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितलेली नव्हती, काकूंनासुद्धा नाही.

"मी काढतो," ते म्हणाले.

"अहो, तुमच्या वयाची माणसं बागेत फिरायला जातात," काकू आतून म्हणाल्या. "तुम्ही लढाईवर निघालात."

पहिला नकाशा काढायला नऊ दिवस लागले. जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरला गेला आणि घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली. नकाशा मात्र असा झाला, की बघणाऱ्याने हात जोडावेत. चोवीस मीटरचे रस्ते, काटकोनात चौक, प्रत्येक इमारतीपुढे नियमाप्रमाणे मोकळी जागा, उत्तरेचा बाण आणि खाली वळणदार सही. तो कॉम्प्युटरवर चढवायचं काम सुनेचं. तिने तिच्या टीममधल्या लोकांना बोलावून एक लढाई लावली. चाळीस सेकंदांत तीसपैकी सव्वीस रणगाडे जळाले. उरलेले चार आपापल्या तळावरून हललेच नव्हते.

"लोकांना चालवता येत नाही," काकांनी निदान केलं.

"चालवता येतं, बाबा. लपता येत नाही. रस्ता इतका सरळ आहे, की या टोकाला निघालेला माणूस त्या टोकाला दिसतो. ज्याची तोफ लांब पोचते त्याने नुसतं बसून मारायचं. मध्ये काही आडवं यायला हवं. कुठे भिंत पुढे आलेली, कुठे रस्त्यात काही बांधून ठेवलेलं, कुठे बोळ अर्धा बंद केलेला."

काकांचा चेहरा उतरला. "अगं, याला आम्ही अतिक्रमण म्हणतो."

"मग अतिक्रमणं हवीत."

तेहतीस वर्षं ज्याच्याशी वैर केलं ते आता सून घरात बोलावत होती. काकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण हार मानायची तर तेहतीस वर्षांत मानली नसती का? दुसऱ्या दिवशी दोन वाजता ते वही घेऊन तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "सांग. काय काय हवं असतं?"

सून शिकवू लागली. मैदानात तीन वाटा असाव्यात. एक अरुंद आणि अडगळीची, जाड कातडीच्या मंद रणगाड्यांना हळूहळू सरकायला. एक उघडी आणि लांबची, हलक्या गाड्यांना सुसाट पळायला. तिसरी मधली, ती सगळ्यांना हवीशी वाटावी, पण कोणाला फार वेळ टिकवता येऊ नये. दोन्ही बाजूंना मध्यापर्यंत पोचायला सारखाच वेळ लागावा. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या हुबेहूब नसल्या तरी चालेल, पण हरणाऱ्याला जागेला दोष देता येता कामा नये.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," ती म्हणाली, "ज्या जागेवरून तुम्ही दुसऱ्याला मारू शकता, तिथे तुम्हाला मारायलाही एक वाट हवी. नाहीतर जो आधी पोचेल तो तिथे बसतो आणि उठतच नाही."

"आमच्या कार्यालयात तसंच होतं," काका म्हणाले आणि त्यांनी ते वाक्य वहीत लिहून त्याखाली पट्टीने रेघ मारली.

तीन वाटा, मध्ये मोकळी जागा, ठिकठिकाणी पुढे आलेल्या भिंती. काकांना हे वर्णन कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी गॅलरीत उभं राहून त्यांनी खाली पाहिलं आणि ते तसेच आत येऊन कपाट उघडून बसले. कपाटात एक पिवळी फाइल होती. तिच्यात कॉलनीतली एकेचाळीस अतिक्रमणं सेंटिमीटरपर्यंत मोजून ठेवलेली होती, आणि त्यांविरुद्ध गेल्या अकरा वर्षांत केलेल्या सतरा अर्जांच्या पोचपावत्या होत्या. अर्ज म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कार्यालयाने एकाचीही दखल घेतलेली नव्हती. काकांनी फाइल टेबलावर आपटली तेव्हा काकूंना वाटलं अठरावा अर्ज निघाला.

पण निघाला तो नकाशा. वरचं फाटक हा एक तळ, खालचं फाटक हा दुसरा. डावीकडून दातांच्या डॉक्टरांच्या मागचा बोळ, ज्यात पायऱ्या, जाळ्या आणि बंद केलेल्या बाल्कन्या एकमेकींना भेटायला आल्या होत्या. तिथे जड रणगाडे. उजवीकडून कुंपणालगतचा लांब रस्ता; तिथे हलक्या गाड्या. मध्ये पाण्याच्या टाकीचं मोकळं मैदान. वरचं फाटक चढावर असल्यामुळे तिथून खालचं सगळं दिसायचं, आणि खालून निघालेल्याने मैदानापर्यंत जगायचं कसं हा प्रश्न होता. तो प्रश्न एका वस्तूने सोडवला होता. वळणावरच्या सामाईक जागेत कॉलनीच्या चेअरमनांनी बांधलेली विटांची शेड. सहा मीटर लांब, अडीच मीटर उंच, वर पत्रा, आत जुने टायर. सतरापैकी नऊ अर्ज एकट्या त्या शेडवर होते.

सुनेने लढाई लावली. ती बावीस मिनिटं चालली. दोन्ही बाजूंना शेवटचा एकेक रणगाडा उरला, आणि शेडच्या दोन कोपऱ्यांवर ते एकमेकांची वाट बघत थांबले. सुनेच्या टीममधला कोणीतरी दूरदेशीचा माणूस कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, ही शेड ज्याने इथे ठेवली तो फार हुशार माणूस आहे."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा चेअरमनांची स्तुती ऐकून घेतली.

आता नकाशा पाठवायचा एवढंच बाकी होतं, आणि तिथे गाडी अडली. स्पर्धेच्या अर्जात चौदावं कलम होतं. नकाशा खऱ्या जागेवरून काढला असेल, तर तिथल्या रहिवाशांची लेखी ना-हरकत जोडावी, आणि एखाद्या बांधकामाला मालक असेल तर त्याची वेगळी जोडावी. सून म्हणाली, नावं बदलून टाकू, कोण बघतंय. काका म्हणाले, "मी तेहतीस वर्षं कलमं पाळली आहेत. आता शत्रूच्या गोळ्याला घाबरून कलम मोडणार नाही." वास्तविक शत्रूचा आणि कलमाचा काही संबंध नव्हता, पण ते बोलण्याच्या भरात होते.

तोपर्यंत काकूंच्या मार्फत बातमी कॉलनीभर झालीच होती, आणि ती फिरत फिरत अशी झाली होती, की पट्टीकाका कॉलनीतून रणगाडे नेणार आहेत. रविवारी सकाळी वाहनतळात सभा भरली. एरवी सभेला सात माणसं यायची, त्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत.

"खालच्या फाटकाशी शत्रूचा तळ का?" तळमजल्यावरच्या हेडबाईंनी विचारलं. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण त्यांनी प्रश्न विचारला की अजून माणसं उभी राहायची. काका उभे राहिले.

"शत्रू असा कोणी नाही, बाई. दोन्ही बाजू एकमेकींच्या शत्रू."

"मग आम्हाला कोणाचे तरी शत्रू करायचं हे कोणी ठरवलं?"

विमेवाल्यांनी तोफगोळा पॉलिसीत बसत नाही असं आधीच सांगून ठेवलं. दातांच्या डॉक्टरांची हरकत नव्हती, फक्त नकाशात त्यांची पाटी वाचता आली पाहिजे होती. मग काकांनी नकाशा भिंतीवर लावला, आणि सभा खऱ्या अर्थाने सुरू झाली. जो तो आधी आपलं घर शोधायचा, आपली वाढवलेली बाल्कनी सापडली की म्हणायचा, "हे काढा, बरं दिसत नाही." आणि मग शेजाऱ्याचं बघून म्हणायचा, "अहो, यांची मागची मोरी कशी नाही यात? ती पण पुढे आलीय हातभर." काका शांतपणे लिहून घेत होते. अकरा वर्षांत त्यांना जे सापडलं नव्हतं ते तासाभरात शेजाऱ्यांनी सांगितलं, आणि एकेचाळीसाची त्रेपन्न अतिक्रमणं झाली. दुपारी एकपर्यंत सगळ्यांच्या सह्याही झाल्या. कारण प्रत्येकाचं म्हणणं शेवटी एकच निघालं: शेजाऱ्याचं दाखवणार असाल तर माझंही राहू द्या.

राहिले चेअरमन. चेअरमन कधी कोणाला नाही म्हणत नसत. ते "बघू" म्हणत. गळक्या टाकीला बघू, बंद पडलेल्या दिव्याला बघू. एकदा काका शेड मोजायला गेले होते तेव्हा त्यांनी चेअरमनांनाच टेपचं दुसरं टोक धरायची विनंती केली होती, तेव्हाही ते "बघू" म्हणून आत गेले होते आणि काकांनी ते टोक विटेखाली दाबून माप घेतलं होतं.

"सही करतो की," चेअरमन म्हणाले. "फक्त ती शेड तेवढी काढा. किंवा हलवा जरा. दोन बोटं डावीकडे घ्या, झाडांमागे. कोणाला कळतंय?"

दोन बोटं डावीकडे. काकांनी हे शब्द तेहतीस वर्षांत किती साहेबांच्या तोंडून ऐकले असतील याची मोजदाद नाही. त्यांची कानशिलं तापली.

"रेघ हलणार नाही," ते म्हणाले.

घरी येऊन सुनेने शेड काढून एकदा लढाई लावून पाहिली. खालची बाजू फाटकातून निघायची आणि वळणावर संपायची. पाचपैकी पाच वेळा. "शेड नसेल तर नकाशा नाही," ती म्हणाली. "आणि चेअरमनकाका सही देणार नाहीत. आपण दुसरी जागा शोधू, बाबा."

"दुसरी जागा नाही," काका म्हणाले. "मला हाच नकाशा हवाय. आणि हाच राहणार."

चौदावं कलम त्यांनी पुन्हा वाचलं. चार वेळा वाचलं. सरकारी कागद वाचणाऱ्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते, की कुलूप आणि किल्ली एकाच वाक्यात असतात. 'मालक असेल तर.' मंगळवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून चेअरमनांकडे गेले.

"मला एक सांगा," ते म्हणाले, "ती शेड तुमची आहे का?"

चेअरमन दचकले. अकरा वर्षं या प्रश्नाचं उत्तर देणं त्यांनी टाळलं होतं. हो म्हणावं तर सामाईक जागेतलं बांधकाम कबूल केल्यासारखं होतं. "कोण म्हणतं माझी आहे?"

"तसं लिहून द्या. म्हणजे तुमच्या सहीची गरजच उरली नाही."

एवढंच ना, म्हणून चेअरमनांनी तिथल्या तिथे लिहून दिलं: नकाशात दाखवलेल्या शेडशी माझा मालकीचा अथवा इतर कसलाही संबंध नाही. सही ठसठशीत केली, तारीख घातली, वर चहा पाजला. दोघंही आपण दुसऱ्याला बनवलं अशा समाधानात चहा प्यायले.

काकांनी घरी येऊन पत्राला जोडपत्र तयार केलं, आणि इथे त्यांच्या हाताने घात केला. तेहतीस वर्षं त्या हाताने लिहिलेल्या प्रत्येक कागदाखाली एक ओळ असायची: प्रत माहितीसाठी, नगररचना कार्यालय. तशी ती याही कागदाखाली आली, आणि ओळ आली म्हणजे चेअरमनांच्या पत्रासकट प्रत काढली गेली, आणि प्रत काढली म्हणजे कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पडली. यात काकांचा विचार म्हणून कुठेच नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. नकाशा निवडला गेला होता. सुनेने बातमी वाचून दाखवली तेव्हा काका खिशातून पट्टी काढून पुसत बसले. शेवटची एकच पायरी होती. गुरुवारी सकाळी अकरा वाजता कंपनीच्या बाई व्हिडिओ कॉलवरून जागा बघणार होत्या. जागा नकाशाशी जुळली तर नकाशा कायमचा, नाही जुळली तर बाद.

गुरुवारी सकाळी सव्वादहाला खाली ठणठण आवाज सुरू झाला.

काका गॅलरीत आले. शेडच्या छतावर दोन मजूर चढले होते. एक पत्रा निघून खाली पडला होता. तिसऱ्याने कोपऱ्यावर हातोडा घातला होता आणि तिथल्या चार विटा सुट्या झाल्या होत्या. बाजूला नगररचना कार्यालयाची गाडी उभी होती. काका चपला न घालता जिने उतरले.

"थांबवा," ते म्हणाले.

गाडीजवळ कागद घेऊन उभ्या असलेल्या कनिष्ठ अभियंता बाई वळल्या. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना पेन्सिलला टोक कसं काढायचं हे काकांनी शिकवलं होतं. "सर," त्या आनंदाने म्हणाल्या, "झालं तुमचं काम एकदाचं. तुमच्याच अर्जावरून आलोय. मालकाचा खुलासा नव्हता म्हणून अकरा वर्षं फाइल अडकली होती. आता त्यांनीच लिहून दिलं संबंध नाही म्हणून. तुम्ही प्रत पाठवली होतीत ना?"

काकांना ती ओळ आठवली. आपल्याच हाताकडे ते थोडा वेळ बघत राहिले.

सगळी कॉलनी गॅलऱ्यांत आली होती. चेअरमन आपल्या खिडकीत पडद्याआड उभे होते. त्यांना ओरडायचं होतं हे पडदा ज्या तऱ्हेने हलत होता त्यावरून कळत होतं, पण ओरडायला तोंड नव्हतं. संबंध नाही असं त्यांनी ठसठशीत सहीने लिहून दिलं होतं.

मजुराने पुन्हा हातोडा उचलला. काका जाऊन शेडच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"सर, काय करताय?"

"ही शेड नकाशात आहे."

"सर, नकाशात नाही म्हणून तर पाडतोय."

"तुमच्या नकाशात नसेल. माझ्या नकाशात आहे, आणि माझा नकाशा मंजूर आहे. आजवर तुम्ही लोकांनी माझे चारशे नकाशे जमिनीसाठी बदललेत. हा बदलायचा नाही. आज जमीन राहील नकाशाप्रमाणे."

गॅलरीतून हेडबाई म्हणाल्या, "अहो, पण अकरा वर्षं तुम्हीच मागे लागला होतात ना पाडा म्हणून?"

"लागलो होतो," काका म्हणाले. "आणि पडली असती तर बरं झालं असतं, तेव्हा. आता उशीर झाला."

अभियंता बाईंनी कपाळावर हात मारला. "सर, अर्ज तुमचा, सही तुमची. मी कशी थांबवू?"

"मग अर्ज मागे घेतो."

"मागे घ्यायलाही अर्ज लागतो."

काकांनी वर बघून हाक मारली, "सूनबाई, कागद आणि पॅड." सून कागद घेऊन धावत खाली आली. हातात फोनही होता. साडेदहा झाले होते. काकांनी भिंतीला टेकूनच अर्ज लिहिला. अक्षर नेहमीसारखं वळणदार, वर विषय, खाली संदर्भ म्हणून शेडवरचे नऊही अर्ज. बाईंनी तो घेतला आणि वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळलं.

"सर, एखाद्या जागेबद्दल अर्ज प्रलंबित असेल तर तिथे हात लावता येत नाही. हा नियम तुम्हीच शिकवला होतात मला."

"मला माहीत आहे."

"आणि अर्ज मागे घ्यायचा हा अर्ज क्रमाने घ्यावा लागेल. पुढे बरेच आहेत."

"किती दिवस लागतील?"

बाईंनी हिशेब केला. "तुमच्या पहिल्या अर्जाला अकरा वर्षं लागली."

"पोचपावती द्या," काका म्हणाले.

सरकारी काम, सहा महिने थांब, असं म्हणून लोक ज्या कार्यालयाला नावं ठेवतात, त्याच्या संथपणाचा काकांना त्या क्षणी फार अभिमान वाटला. मजूर छतावरून उतरले. गाडी गेली. पण दहा पन्नास झाले होते, एक पत्रा जमिनीवर होता, कोपऱ्यातल्या चार विटा सुट्या होत्या, आणि नकाशात कोपरा शाबूत होता.

काकांनी पत्रा उचलायला घेतला. एका माणसाला उचलेल असा तो नव्हता. दुसऱ्या टोकाला कोणीतरी हात घातला म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर चेअरमन होते. घरातल्या बनियनवरच आले होते. दोघांनी मिळून पत्रा चढवला. विमेवाल्यांनी स्टूल आणलं, हेडबाईंनी वरूनच कोणती वीट कुठली होती ते सांगितलं, आणि चारही विटा कोरड्याच पण जागच्या जागी बसल्या.

"तुम्ही माझी शेड वाचवलीत," चेअरमन हळू आवाजात म्हणाले.

"तुमची नाही," काका म्हणाले. "तुमचा संबंध नाही. लिहून दिलंय तुम्ही. शेड नकाशाची आहे."

चेअरमनांनी हाताची धूळ झटकली.

सुनेचा फोन वाजला. तिने तो समोर धरला आणि काकांना खूण केली. कंपनीच्या बाई आधी शेडचंच माप बघणार होत्या. काकांनी खिशातून टेप काढला, आणि त्याचं एक टोक चेअरमनांपुढे केलं. चेअरमनांचं तोंड "बघू" म्हणायला उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं आणि कोपऱ्यापाशी उकिडवं बसून टोक विटेला लावलं.

काका टेप सोडत सोडत सहा मीटर मागे गेले.

"ताणून धरा," ते म्हणाले. "आणि आता हलू नका."